पानगळीची पूर्वतयारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत, सप्टेंबरअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे आठवडे घर आणि बाग हिवाळ्यासाठी सज्ज करण्याचे मानले जातात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी ही कामे बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पाहून उचललेली असतात आणि कामांबरोबर त्यांना चिकटलेले समजही. हे समज तपासून पाहिले असता बागेत गरजेपेक्षा जास्त हात चालवला जातो आणि घरात मात्र खरे नुकसान जेथे संभवते तेथेच दुर्लक्ष होते, असे दिसते.

कडाक्याच्या थंडीमुळे, विशेषतः दहिवर गोठवणाऱ्या हिमतुषारामुळे, पाने लाल-पिवळी होतात, हा सर्वांत प्रचलित समज आहे. प्रत्यक्षात झाडाला मुख्य इशारा मिळतो तो दिवस लहान होण्यातून. हरितद्रव्याचे विघटन सुरू झाले की पानात आधीपासूनच असलेली पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये उघडी पडतात, तर मेपलसारख्या झाडांची लाली ज्यामुळे येते ते अँथोसायनिन त्याच सुमारास नव्याने तयार होते. देठाच्या तळाशी पेशींचा एक कमकुवत थर, म्हणजे विलगस्तर, बनतो आणि पान तेथून सुटते. जोरदार हिमतुषार लवकर पडला तर पाने रंगण्याऐवजी करपतात. झाड असे दिवसाच्या लांबीवर चालत असले, तरी कुंड्या आत घेणाऱ्या माणसाची मुदत हिमतुषार ठरवतो, आणि तेथे हवामानाचा अंदाज वाचताना चूक होते. अंदाजातील तापमान जमिनीपासून सुमारे दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचे असते. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री गवताचा आणि पानांचा पृष्ठभाग त्याहून काही अंश थंड होतो, त्यामुळे अंदाज २ किंवा ३ अंश सेल्सिअसचा असतानाही सकाळी वांगी-टोमॅटो काळे पडलेले सापडू शकतात.

तुळस आणि कढीपत्ता यांच्या बाबतीत तर हिमतुषारापर्यंत थांबणेही उशिराचे ठरते, कारण रात्रीचे तापमान १० अंशांखाली जाऊ लागले की उष्ण प्रदेशातील या वनस्पतींना इजा होऊ लागते. तुलसीविवाह कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे बहुधा नोव्हेंबरात येतो आणि तोवर न्यू जर्सीच्या बऱ्याच भागात हिमतुषार पडून गेलेला असतो. म्हणून वृंदावन अंगणात असले तरी लग्न लागेपर्यंत वधू कित्येक आठवडे घरातच राहिलेली बरी. कुंडी आत आणताना पानांची खालची बाजू पाण्याने धुवावी, कारण मावा, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तेथे आणि देठांच्या बेचक्यांत लपतात आणि उबदार घरात फोफावतात. आत आलेल्या कढीपत्त्याची पाने झडू लागली की झाड तहानलेले आहे असे समजून पाणी वाढवले जाते. वास्तविक ही झड कमी उजेडामुळे येणाऱ्या सुप्तावस्थेची असते आणि जास्तीचे पाणी मुळे कुजवते. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी; आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे, आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच बेताने पाणी द्यावे.

पडलेले पानन्‌पान गोळा करून पिशव्यांत भरले पाहिजे, अन्यथा हिरवळ मरते, हा समज अर्धा खरा आहे. ओल्या पानांचा जाड, सलग थर तसाच राहिला तर गवत गुदमरते. परंतु लॉनमोवरने तीच पाने बारीक कापून गवतात मिसळली तर ती कुजून मातीला सेंद्रिय द्रव्य देतात, असे मिशिगन स्टेट विद्यापीठातील प्रयोगांत दिसून आले आहे. ओकच्या पानांनी माती आम्लधर्मी होते ही भीतीही निराधार आहे, कारण कुजताना पानांची आम्लता जवळजवळ नाहीशी होते. झाडांच्या बुंध्याशी आणि वाफ्यांवर मात्र पाने अखंडच ठेवावीत. ल्यूना पतंगाचे कोष त्या पानांत असतात, काजव्यांच्या अळ्या त्यांच्याखालच्या ओलाव्यात राहतात आणि भुंग्यांसारख्या दिसणाऱ्या बंबलबी माश्यांच्या राण्या त्याखालच्या मातीत हिवाळा काढतात. याच पालापाचोळ्यात शिरणाऱ्या, दोन्ही टोकांना काळ्या आणि मध्ये तांबूस असलेल्या केसाळ अळीचा तांबूस पट्टा रुंद असेल तर हिवाळा सौम्य जातो, अशी लोकसमजूत आहे. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीचे कीटकतज्ज्ञ सी. एच. करन यांनी १९४८ मध्ये बेअर माउंटन परिसरात अशा अळ्या गोळा करून पट्टे मोजल्याने ती अधिकच गाजली. मात्र पट्ट्याची रुंदी अळीच्या वयावर आणि वाढीवर अवलंबून असते आणि पुढच्या हिवाळ्याशी तिचा संबंध सिद्ध झालेला नाही.

छाटणीचा उत्साहही या दिवसांत आवरावा. लायलॅक, फोर्सिथिया, अझेलिया यांच्या वसंतातील कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरलेल्या असतात, त्यामुळे ऑक्टोबरातील छाटणी म्हणजे पुढच्या वर्षीची फुले कापणे होय. पाणी देणे मात्र लवकर थांबवू नये. ऱ्होडोडेंड्रॉनसारख्या सदाहरित झुडपांची पाने हिवाळ्यातही बाष्प गमावतात आणि गोठलेल्या जमिनीतून ते भरून काढता येत नाही. हिरवळीला खत देण्यास सप्टेंबर-ऑक्टोबर योग्य असला, तरी न्यू जर्सीच्या कायद्यानुसार १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरमालकाला ते टाकता येत नाही.

घराच्या बाजूने पाहता, बाहेरच्या नळाची तोटी घट्ट आवळली की काम झाले, हा समज सर्वांत महागात पडतो. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. पाइपात बर्फाचा बुच बसला की तो आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो आणि पाइप फुटतो, म्हणजे आवळलेली तोटीच या अपघाताला हातभार लावते. योग्य क्रम असा की आधी रबरी नळी सोडवावी, तळघरातील झडप बंद करावी आणि मग बाहेरचा नळ उघडून पाणी निथळू द्यावे. काही झडपांच्या बाजूला पितळेचे छोटे टोपण असते, ते खाली वाडगे धरून सैल केल्यास उरलेसुरले पाणीही बाहेर पडते. न गोठणारा म्हणून विकला जाणारा नळही नळी जोडलेली राहिल्यास फुटतो, कारण त्याची खरी झडप भिंतीच्या आत, उबदार भागात असली तरी नळीमुळे पुढच्या दांड्यातले पाणी निथळत नाही. चीर भिंतीआड पडते आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदा नळ सोडल्यावर तळघराची भिंत ओली झाली की कळते.

छताच्या पन्हळी साफ केल्या की वळचणीला बर्फाचे बांध बनत नाहीत, असेही मानले जाते. पन्हळी साफ हव्यातच, नाहीतर पावसाचे पाणी पायाशी मुरते. पण हे बांध बनतात ते घरातील उष्णता छताखालच्या माळ्यावर झिरपल्यामुळे. तिच्यामुळे वरचा हिम वितळतो, पाणी थंड वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठते आणि मागे साचलेले पाणी कौलवजा शिंगल्सखाली घुसते. ऊब टिकावी म्हणून माळ्याचे वायुमार्ग बुजवणे तर सर्वस्वी उलटे आहे. बुजवायच्या असतात त्या छतातील दिवे, पाइप आणि माळ्याचे दार यांभोवतीच्या फटी. वाऱ्याच्या दिवशी तेथे पेटती उदबत्ती धरली आणि धूर आडवा ओढला गेला, तर फट सापडली.

रात्री थर्मोस्टॅट खाली आणला तर सकाळी घर पुन्हा तापवण्यात बचत वाया जाते, हा हिशेबही चुकीचा आहे, कारण घर जितका वेळ थंड राहते तितकी त्यातून उष्णता कमी निसटते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने खाली ठेवल्यास वर्षाच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. हे फर्नेस किंवा बॉयलर असलेल्या घरांना लागू आहे. साध्या हीट पंपाच्या घरात सकाळी तापमान एकदम वाढवल्यास पूरक विजेची शेगडी सुरू होते आणि बचत उलट अंगावर येते, म्हणून तेथे तापमान शक्यतो स्थिर ठेवावे किंवा हीट पंपासाठीच बनवलेला थर्मोस्टॅट बसवावा.