मुलाखत कामाची, की अपंगत्वाची?

अमेरिकेतील रट्गर्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठांच्या संशोधकांनी हिशेबनिसांच्या जागांसाठी सहा हजारांवर अर्ज पाठवले. अर्जदार काल्पनिक होते, पण कागदावर पात्र. फरक फक्त सोबतच्या पत्रात होता. काही पत्रांत मज्जारज्जूच्या दुखापतीचा उल्लेख होता, काहींत अ‍ॅस्पर्गर सिंड्रोमचा, म्हणजे स्वमग्नतेच्या एका प्रकाराचा. बाकीच्यांत काहीच नव्हते. जमाखर्चाच्या कामात या दोन्ही गोष्टी आड येत नाहीत, म्हणूनच त्या निवडल्या होत्या. तरीही अपंगत्व कळवणाऱ्या अर्जांना मालकांकडून २६ टक्के कमी प्रतिसाद मिळाला. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अनुभवी उमेदवारांच्या बाबतीत तफावत आणखी मोठी होती. अनुभवानेही शंका फिटली नाही, असाच याचा अर्थ.

या चाळणीतून सुटून मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्याची वाट तरी सोपी असते का? ‘जरा बोलून बघू’ पद्धतीच्या गप्पांतून माणसाची पारख होते, हा मुलाखत घेणाऱ्यांचा लाडका समज आहे. मानसशास्त्रातील अनेक दशकांचे संशोधन मात्र वेगळे सांगते. सर्वांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून, आधी ठरवलेल्या निकषांवर गुण दिले, तर पुढे कोण चांगले काम करील याचा अंदाज मोकळ्या गप्पांपेक्षा बराच अचूक येतो. गप्पांत गुण मिळतात ते नजरेला नजर देण्याला, घट्ट हस्तांदोलनाला, झटपट उत्तराला. स्वमग्न व्यक्तीला नजर भिडवणे जड जाते, तोतरे बोलणाऱ्याला पहिला शब्द फुटायला वेळ लागतो. यातून लेखापालाच्या कामाबद्दल काय कळते? काहीच नाही.

पण तेच प्रश्न म्हणजे तीच घडी, तोच कागद असे नव्हे. तोतरेपणा असलेल्याला जास्त वेळ, कर्णबधिर उमेदवाराला सांकेतिक भाषेचा दुभाषी (आणि बोलताना दुभाष्याकडे नव्हे, उमेदवाराकडे पाहणे), दृष्टिहीनाला स्क्रीन रीडरवर चालणारी चाचणी द्यायला हवी. आलेखाचे चित्र चिकटवलेली ऑनलाइन परीक्षा दृष्टिहीनाचे गणित तपासत नाही, त्याची दृष्टीच तपासते.

‘घरी तुमचं कोण करतं?’, ‘लोकलच्या गर्दीत जमेल का?’ हे प्रश्न काळजीपोटी येतात खरे. पण ते इतर उमेदवारांना विचारले जात नाहीत. विचारायचे ते एवढेच : या कामात अमुक गोष्टी कराव्या लागतात, त्या तुम्ही कशा कराल आणि त्यासाठी काय लागेल? अमेरिकेत १९९०च्या कायद्यानुसार नोकरी देऊ करण्यापूर्वी अपंगत्वाची चौकशी करायला मनाई आहे. काम करता येईल का, एवढे विचारता येते.

भारतात २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण ठेवले. चर्चा बहुतेक वेळा या आकड्याभोवतीच फिरते. त्याच कायद्यातील ‘वाजवी सोय’ ही तरतूद अधिक महत्त्वाची आहे. लिहिताना हात आखडणाऱ्या एका नागरी सेवा परीक्षार्थीला लेखनिक नाकारला गेला, तेव्हा ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र ही लेखनिक मिळण्याची अट होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केले. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करणे बंधनकारक आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर निवडीची पद्धतही त्यात लिहावी लागते. किती ठिकाणी असा कागद भिंतीवर किंवा संकेतस्थळावर दिसतो, हे ज्याने त्याने आपल्या कार्यालयात पाहावे.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१६मध्ये नागरी सेवा परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पूर्ण दृष्टिहीन असल्याचे कारण देऊन त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेण्यात आले नाही. पुढच्याच वर्षी देशात १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या आणि २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी.

वाजवी सोयीसाठी खर्च फार येतो, ही तक्रार नेहमीची. जास्तीची वीस मिनिटे, तळमजल्यावरची खोली, प्रश्नपत्रिकेची मजकूर स्वरूपातील प्रत : यांतले महाग काय? मुलाखतीच्या पत्रात ‘कोणती सोय लागेल ते कळवा’ अशी एक ओळ असावी आणि ती सर्वांच्या पत्रात असावी. आलेली उत्तरे कार्यालयाने पाहून व्यवस्था करावी. गुण देणाऱ्यांपुढे त्यातले फक्त आवश्यक तेवढेच जावे. उमेदवारानेही आजाराचा इतिहास सांगत बसण्यापेक्षा नेमकी गरज चार दिवस आधी लेखी कळवणे बरे.