दोन देशांतील दुवा, पण कुणाचा?

भारत-अमेरिका संबंधांविषयी मोठी बातमी आली की पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षांच्या निवेदनांपाठोपाठ एखाद्या 'कौन्सिल', 'चेंबर' किंवा 'फोरम'ची प्रतिक्रियाही हमखास छापून येते. नावात दोन्ही देश असल्याने ही संस्था दोन्ही देशांच्या वतीने बोलत असावी, असा वाचकाचा समज होतो. प्रत्यक्षात यातील प्रत्येक संस्थेचा धनी वेगळा असतो आणि तिच्या शब्दाचे वजन त्यावरूनच जोखावे लागते.

चार प्रकार

सर्वांत परिचित प्रकार द्विपक्षीय वाणिज्य मंडळाचा. मुंबईत मुख्यालय असलेले इंडो-अमेरिकन चेंबर ऑफ कॉमर्स १९६८ मध्ये स्थापन झाले. शिष्टमंडळे नेणे-आणणे आणि उद्योजकांच्या गाठीभेटी घडवणे हे अशा मंडळांचे मुख्य काम.

दुसरा प्रकार धोरणांवर प्रभाव टाकणाऱ्या परिषदांचा. यूएस-इंडिया बिझनेस कौन्सिल १९७५ मध्ये दोन्ही सरकारांच्या विनंतीवरून अस्तित्वात आली. तरीही ती सरकारी संस्था नव्हे. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या अमेरिकी उद्योगांच्या संघटनेच्या छत्राखाली ती काम करते. स्वायत्ततेच्या प्रश्नावरून २०१७ मध्ये तिच्यात फूट पडली आणि बाहेर पडलेल्यांनी यूएस-इंडिया स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप फोरम ही स्वतंत्र संस्था काढली. 'भारत-अमेरिका उद्योगजगताचे मत' म्हणून ज्याचा उल्लेख होतो, त्याचे दावेदारही एकाहून अधिक आहेत, ते असे.

तिसरा प्रकार सरकारनियुक्त मंचाचा. २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'सीईओ फोरम'चे सदस्य दोन्ही सरकारे नेमतात. रतन टाटा आणि विल्यम हॅरिसन हे त्याचे पहिले सहअध्यक्ष. चौथा प्रकार लोकप्रतिनिधींच्या गटांचा. अमेरिकी प्रतिनिधिगृहात भारतविषयक 'कॉकस' १९९३ मध्ये, तर सिनेटमध्ये तसाच गट २००४ मध्ये तयार झाला.

अणुकराराची कसोटी

या यंत्रणेची ताकद अणुकराराच्या वेळी दिसली. १८ जुलै २००५ च्या संयुक्त निवेदनानंतर अमेरिकी कायद्यात बदल आवश्यक होता. त्यासाठी काँग्रेस सदस्यांची मने वळविण्याच्या कामात उद्योग परिषद आणि अनिवासी भारतीयांच्या संघटना उतरल्या. २००६ च्या डिसेंबरात हाइड कायदा झाला आणि ऑक्टोबर २००८ मध्ये करारावर स्वाक्षऱ्या झाल्या.

मात्र हितसंबंध नेहमीच जुळतात असे नाही. भोपाळ वायुदुर्घटनेचा अनुभव पाठीशी असलेल्या भारतीय संसदेने २०१० मध्ये अणुदायित्व कायदा केला आणि अपघात झाल्यास यंत्रसामग्री पुरवठादाराकडूनही भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. तेव्हा करारासाठी झटलेल्या अमेरिकी उद्योगांनीच त्यावर आक्षेप घेतला. मैत्रीचा पुरस्कार करणारी संस्था अखेर आपल्या सभासदांचीच बाजू मांडते, हा त्यातला धडा.

हिशेब कुणाकडे?

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंगच्या खर्चाची माहिती जाहीर करावी लागते. याच नोंदींतून २०१२ च्या डिसेंबरात वॉलमार्टचा खर्च उजेडात आला. २००८ पासून विविध विषयांवर कंपनीने सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चले होते आणि त्या विषयांत भारतीय बाजारपेठेतील प्रवेशही होता. किरकोळ व्यापारात परकी गुंतवणुकीला परवानगी देण्यावरून वातावरण आधीच तापलेले असल्याने संसदेत गदारोळ झाला. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची एकसदस्यीय समिती नेमली. पण चौकशीतून ठोस निष्कर्ष निघाला नाही.

लक्षणीय बाब अशी की, हा खर्च भारतीयांना कळला तो अमेरिकी कायद्यामुळे. भारतात लॉबिंगची नोंद सक्तीची करणारा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे दिल्लीत कोण कुणासाठी कुणाला भेटते, याचा हिशेब नागरिकांना सहजी मिळत नाही.

अशा संस्था निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नव्हे. सरकारे बदलली तरी संवादाचा धागा त्या तुटू देत नाहीत. मात्र पुढच्या वेळी त्यांचे निवेदन वाचताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: सभासद कोण, पैसा कुणाचा आणि पदाधिकारी नेमतो कोण? उत्तरे मिळाली, की दुवा कुणाच्या सोयीचा आहे हे आपोआप उमगते.