जुनी गाडी घाटात दमतेय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

सुट्टी लागली, डिकी भरली, आजी-आजोबांना मागच्या सीटवर नीट बसवलं आणि गाडी निघाली. सपाट रस्त्यावर सगळं छान चालतं. पण घाट लागला की दहा-बारा वर्षं जुनी गाडी दमायला लागते. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. एसी बंद करावा लागतो, मागचे ट्रक हॉर्न देतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतंच, "आता ही गाडी काढून टाका."

गॅरेजमध्ये नेल्यावर अनेकदा पहिलं वाक्य ऐकू येतं, "इंजिनचं काम निघालंय." हे काम मोठ्या खर्चाचं असतं. पण चढावर ताकद कमी पडण्याची बरीच कारणं इंजिनच्या बाहेर असतात आणि त्यातली काही थोडक्या पैशांत दूर होतात. म्हणून तपासणी नेहमी स्वस्त गोष्टीपासून सुरू करा.

आधी लक्षण ओळखा

गाडी ओढत नाही, एवढंच मेकॅनिकला सांगून उपयोग नाही. चढावर गाडी नेमकं काय करते, ते बघा. आरपीएमचा काटा वर जातोय, पण वेग वाढत नाही? संशय क्लचवर. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबूनही आरपीएम वाढत नाही? इंजिनला हवा किंवा इंधन कमी पडत असेल. तापमानाचा काटा वर चढतोय? कूलिंगमध्ये दोष आहे. सपाट रस्त्यावरही गाडी जड वाटते? मग चाकं आणि ब्रेक बघा.

वजनाचा हिशेब मांडा

समजा, रिकाम्या गाडीचं वजन १,००० किलो आहे. सरासरी ६५ किलोची पाच माणसं आणि ७५ किलो सामान धरलं, तर ४०० किलो वाढले. म्हणजे तोच चढ चढायला गाडीला ४० टक्के जास्त जोर लावावा लागतो. ऑफिसला एकट्याने जाताना जो दोष जाणवत नाही, तो घाटात म्हणूनच उघडा पडतो.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये एकूण वजनाची आणि टपावरच्या सामानाची मर्यादा दिलेली असते. ती एकदा वाचा. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचं वजनही त्यात येतं. शिवाय सीएनजीवर गाडीची ताकद पेट्रोलपेक्षा कमी असते. त्यामुळे घाट सुरू होण्याआधीच पेट्रोलवर या.

उंचीचाही परिणाम होतो. वर हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर १,००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. मसुरी किंवा उटीला, सुमारे २,००० मीटरवर, गाडी थोडी सुस्त वाटली तर तो बिघाड असेलच असं नाही.

चाकं आणि ब्रेक

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेचे आकडे असतात. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुधा वेगळा, जास्त आकडा दिलेला असतो. टायर थंड असताना त्याप्रमाणे हवा भरा.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर अगदी हळू वेगात गाडी न्यूट्रल करा. ती सहज सरकत न राहता चटकन थांबत असेल, तर एखादा ब्रेक चिकटत असू शकतो. थोडं अंतर चालवून झाल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्या, पण रिमला हात लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा खूप गरम असेल, तर कारण तिथे शोधायला सांगा. हँडब्रेकची केबल अडकल्यानेही असं होतं.

हवा आणि इंधन

एअर फिल्टर धुळीने भरला की इंजिनचा श्वास कोंडतो. नवा फिल्टर सहसा काही शे रुपयांत येतो. डिझेल गाडीत डिझेल फिल्टर चोंदला किंवा त्यात पाणी साचलं, तर जोर लावताना इंधन कमी पडतं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग बदलायची वेळ होऊन गेली आहे का, ते सर्व्हिसच्या नोंदीत बघा.

टर्बो डिझेल गाडी चढावर काळा धूर सोडत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर टर्बोचा रबरी पाइप फाटला किंवा सुटला आहे का, ते आधी तपासा. पाइप बदलून भागत असेल, तर टर्बो बदलायची गरज नाही.

चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या आणि तो लिहून ठेवा. दुसऱ्या गॅरेजचं मत घेताना तो उपयोगी पडतो.

क्लच आणि कूलिंग

क्लच घसरतोय का, हे बघायला मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४०च्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज एकदम वाढला, पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट झिजली आहे. जळका वास येत असेल, तर त्या गाडीने घाटात जाऊच नका.

कूलंटची पातळी इंजिन थंड असताना बघा. ती वारंवार कमी होत असेल, तर नुसतं भरत राहू नका, गळती शोधा. रेडिएटरचा फॅन आणि थर्मोस्टॅटही तपासून घ्या. घाटात काटा वर जायला लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करा. इंजिनची थोडी उष्णता आत खेचली जाते. मग सुरक्षित जागा बघून थांबा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं.

उतरताना जास्त जपा

गाडी कशीबशी वर चढली, म्हणजे काळजी मिटली असं नाही. तेच जास्तीचं ४०० किलो उतारावर ब्रेकवर येतं. सतत ब्रेक दाबला की तो तापतो आणि ऐनवेळी लागत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. निघण्याआधी ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल तपासून घ्या.

अरुंद घाटरस्त्यावर नियमाने चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असतं. भरलेली जुनी गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लचवर फार ताण येतो. उतरणारे तुम्ही असाल, तर समोरच्याला वाट द्या.

इंजिन खोलायचंच असेल तर

हे सगळं ठीक असूनही गाडी ओढत नसेल, तर कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्या. आकडे हाती आल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नका.

काम खरंच निघालं, तर आरसी बुकावरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी करून ती ५ वर्षांसाठी वाढवता येते. दिल्ली आणि आसपासच्या भागात जुन्या डिझेल-पेट्रोल गाड्यांचे नियम याहून कडक आहेत. गाडी अजून किती वर्षं वापरता येणार आहे, हे ठरवा आणि मगच खर्चाचा आकडा मान्य करा.