सत्याचा दावा आणि सत्याचे रक्षण

परमसत्य आहे किंवा नाही, हा प्रश्न वर्षावासातील प्रवचन संपल्यावर कोणी ना कोणी विचारतोच. विचारणारा श्रद्धावान असेल तर त्याच्या मते सत्य एकच असते आणि ते ग्रंथात, गुरूच्या वचनात किंवा पूर्वजांच्या अनुभवात आधीच सापडलेले असते. तो संशयवादी असेल तर म्हणतो, ज्याचे त्याचे सत्य वेगळे. अंतिम असे काही नसतेच. हा वाद तासन्‌तास चालतो आणि बहुधा दोघेही आल्या पावली परत जातात. आमच्या मते याचे कारण असे की, दोन निराळे प्रश्न येथे एकत्र कालवले जातात. सत्य आहे काय, हा एक प्रश्न; आणि ते माझ्या हाती आहे असे म्हणण्याचा अधिकार मला कशाने प्राप्त होतो, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप ‘होय’ ठरत नाही.

हा विचार आम्ही ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात करू इच्छितो; कारण तेथे हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा राहत नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भातशेतीच्या प्रदेशात पावसाळा म्हणजे लावणीचा आणि सर्पदंशाचाही काळ. साप चावला की पुष्कळ घरांतून प्रथम भगताला बोलावणे जाते. भगत मंत्र म्हणतो, मुळी उगाळून देतो आणि रोगी बरा होतो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बरा होतो, हे येथे महत्त्वाचे. श्रद्धावान माणसाला याहून मोठा पुरावा कोणता हवा? उलट शहरातून आलेला विवेकवादी कार्यकर्ता ‘हे सारे थोतांड आहे’ असे एका वाक्यात सांगून मोकळा होतो. ज्याचा भाऊ भगताच्या हातून ‘वाचला’ आहे, तो मनुष्य असल्या वाक्याने कधीच पटवून घेणार नाही. आणि त्यात त्याचा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याने जे पाहिले ते खरेच पाहिले. चुकतो तो पाहिलेल्याचा अर्थ.

आपल्याकडे आढळणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे प्रमुख चार विषारी. परंतु तेही प्रत्येक दंशात विष सोडतातच असे नाही. म्हणजे भगताकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण मंत्राविनाही जगणारच असतात. जे जगतात ते यात्रेत भेटतात, बोलतात, भगताची कीर्ती वाढवितात. जे मरतात त्यांच्याविषयी ‘पथ्य मोडले’, ‘वेळ भरली होती’ असे सांगितले जाते. मण्यारीचा दंश तर विशेष फसवा. रात्री जमिनीवर निजलेल्यास ती चावते, वेदना वा सूज फारशी नसते, घरचे निश्चिंत होतात. आणि काही तासांनी पापण्या जड होऊन श्वास थांबू लागतो. या ठिकाणी ‘मला असा अनुभव आहे’ हे विधान खरे असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष माणसाचा जीव घेतो. हाफकिन संस्थेत तयार होणारी प्रतिसर्पविषाची लस या चारही सापांच्या विषावर काम करते. ती टोचली जाणाऱ्याची श्रद्धा विचारीत नाही.

म्हणजे येथे सत्य आहे. शरीरात विष गेले आहे किंवा गेलेले नाही. यात ‘तुमचे सत्य’ आणि ‘आमचे सत्य’ असे दोन पक्ष होऊ शकत नाहीत. सुत्तनिपाताच्या अट्ठकवग्गातील चूळवियूह सुत्तातही तथागतांनी सत्य एकच असते, दुसरे नसते, अशीच भूमिका घेतली आहे. बुद्धांना ‘सर्वच मते सारखी’ म्हणणारे ठरविणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे. उदानातील आंधळे आणि हत्ती यांची कथा अलीकडे सर्वधर्मसमभावाच्या व्याख्यानांतून सर्रास वापरली जाते. परंतु त्या कथेत हत्ती आहे, तो राजाला दिसतो आहे, आणि आंधळे एकमेकांना गुद्दे घालीत आहेत. सर्व आंधळ्यांचे बरोबर होते, असे तेथे कोणी म्हटलेले नाही.

बुद्धकाळीही संशयवादी होतेच. संजय बेलट्ठिपुत्त हा त्यांचा नामांकित आचार्य. परलोक आहे काय, कर्माचे फळ आहे काय, असे विचारले असता तो ‘आहे’ म्हणत नसे, ‘नाही’ही म्हणत नसे. पाली साहित्यात या प्रकाराला अमराविक्खेप म्हटले आहे. ‘अमरा’ म्हणजे हातातून निसटणारा मासा. हा प्रामाणिक अज्ञानाचा स्वीकार नव्हे, उत्तरदायित्वातून निसटणे होय, असा त्यावरचा आक्षेप आहे. आजच्या ‘ज्याचे त्याचे सत्य’ या उद्गारातही तेच निसटणे पुष्कळदा असते.

मग दोन्हीकडची वाट सोडून तथागतांनी काय सांगितले? मज्झिमनिकायातील चंकी सुत्तात त्याचे सर्वांत स्पष्ट विवेचन आहे. कोसलातील ओपसाद या ब्राह्मणग्रामी तीन वेदांत पारंगत असा सोळा वर्षांचा एक माणवक बुद्धांना विचारतो की, परंपरेने आलेल्या मंत्रांविषयी ब्राह्मण ‘हेच सत्य, बाकी सारे मिथ्या’ असा निष्कर्ष काढतात, यावर आपले म्हणणे काय? बुद्ध त्याला प्रतिप्रश्न करतात. ‘हे मी स्वतः जाणतो, हे मी स्वतः पाहतो’ असे म्हणणारा या ब्राह्मणांत एक तरी आहे काय? त्यांच्या आचार्यांत, सात पिढ्यांपर्यंतच्या आचार्यांत, मंत्रकर्त्या प्राचीन ऋषींत तरी? माणवक नाही म्हणतो. तेव्हा ही एकमेकांचा हात धरून चाललेली आंधळ्यांची रांग ठरते. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही.

पुढचा भाग अधिक मोलाचा असून तो आमच्या अभ्यासवर्गांतून अनेकदा वगळला जातो. श्रद्धा, रुची, ऐकीव परंपरा, तर्काने केलेला विचार आणि विचारांती पटलेले मत, या पाचही गोष्टींचा परिणाम दोन्ही प्रकारचा होऊ शकतो, असे बुद्ध सांगतात. ज्यावर दृढ श्रद्धा आहे ते पोकळ निघू शकते, ज्यावर श्रद्धा नाही ते यथार्थ निघू शकते. लक्षात घ्यावे की, या यादीत श्रद्धेबरोबर तर्कही आहे. म्हणजे हा इशारा भगताच्या भक्ताला जसा आहे तसाच बुद्धिवाद्यालाही आहे. तेव्हा ज्याची श्रद्धा आहे त्याने ‘माझी अशी श्रद्धा आहे’ एवढेच म्हणावे. ज्याचा तर्क आहे त्याने ‘माझा असा तर्क आहे’ म्हणावे. ‘हेच सत्य, अन्य सर्व मिथ्या’ या टोकाला जाऊ नये. याला तेथे सच्चानुरक्खणा, अर्थात सत्याचे रक्षण, असा शब्द आहे. सत्याचे रक्षण म्हणजे अद्याप सत्याचा बोध नव्हे. बोधासाठी बुद्ध एक कसोटी देतात: उपदेश करणाऱ्याचे वर्तन पाहा. लोभामुळे, द्वेषामुळे वा मोहामुळे तो न जाणलेले जाणतो म्हणत असेल काय, आणि इतरांना दीर्घकाळ दुःखदायक होईल अशा मार्गाला लावीत असेल काय?

ही कसोटी किती व्यवहारी आहे हे मुरबाड तालुक्यातील एका घटनेवरून ध्यानात येते. मार्च २०२४ मध्ये तेथील एका गावात जादूटोणा करतो या संशयावरून सुमारे पंचाहत्तर वर्षांच्या एका वृद्धाला घरातून ओढून नेऊन पेटत्या निखाऱ्यांवर नाचावयास लावण्यात आले. त्याला भाजले. नंतर पोलिसांत गुन्हा नोंदविला गेला. त्या जमावाला सत्याविषयी तिळमात्र शंका नव्हती. ‘हा करणी करतो’ हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. स्वतः जाणणारा आणि पाहणारा मात्र त्यांच्यात कोणीही असणे शक्य नव्हते. आणि येथे ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणणाऱ्याने काय सांगावे? भाजलेल्या पायांची वेदना हे कोणाचे खाजगी मत नव्हे. दुःख आहे, या आर्यसत्याला सत्य म्हटले आहे ते उगाच नाही. मृत्यूनंतर तथागत असतो की नसतो, जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नांवर बुद्धांनी मौन धरले. मालुंक्यपुत्ताला विषारी बाणाचा दृष्टांत देऊन परत पाठविले. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध आणि मार्ग यांविषयी मात्र त्यांच्या वाणीत किंचितही संदिग्धता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हेच सूत्र उचलले आहे. बुद्धांना ज्याविषयी निश्चिती होती ते विषय आणि ज्याविषयी नव्हती ते विषय, असे दोन भाग ते पाडतात. दुसऱ्या भागातील बुद्धमत हे तात्पुरते समजावे, असे सांगतात.

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर चारच दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने तो संमत केला. मंत्रावर विश्वास ठेवणे हा या कायद्याने गुन्हा नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा गुन्हा आहे. ‘माझी अशी श्रद्धा आहे’ येथपर्यंत कायदा हस्तक्षेप करीत नाही. ‘हेच सत्य’ म्हणून दुसऱ्याची वाट अडविली की करतो.

या प्रदेशाला हा वाद नवा नाही. मुरबाड तालुक्यातून वर जाणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणीचा जो लेख आहे, त्यात अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे अशा दक्षिणेची जंत्री आहे. याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी कान्हेरीच्या भिक्षुसंघाला दाने दिली. आणि त्याही पूर्वीचा, सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे १९५६ साली सापडला. (सोपारा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, ही वेगळी गोष्ट.) आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे मंगलविधी करतात, त्यांचे फळ अल्प, सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम हे धम्ममंगल मात्र बहुफलदायी, असा त्या लेखाचा आशय आहे. अशोकाने विधींवर बंदी घातली नाही, त्यांची किंमत सांगितली. नेमके १९५६ साली हा दगड सापडावा याचा आम्हांस आनंद वाटतो. त्यात संकेत वगैरे शोधण्याचे मात्र कारण नाही.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे पाहणे आवश्यक आहे. बाबासाहेबांनी अधम्माच्या गणनेत दैवी चमत्कारांवरील विश्वासाबरोबर धर्मग्रंथ प्रमादातीत मानणे हेही घातले आहे. असे असता काही ठिकाणी त्यांचाच ग्रंथ पोथीसारखा मखरात ठेवला जातो, आणि एखाद्या तरुणाने शंका विचारली की ‘बाबासाहेबांना प्रश्न करतोस काय?’ म्हणून त्याला गप्प बसविले जाते. अलगद्दूपम सुत्तात साप पकडणाऱ्याचा दृष्टांत आहे. सापाला शेपटीकडून धरले तर तो उलटून डसतो. केवळ वादात दुसऱ्याला हरविण्यासाठी धम्म शिकणाऱ्याचेही तेच होते. शेजारच्या कातकरी वा ठाकूर वाडीतील माणसाला ‘अडाणी’ म्हणून हिणवणाऱ्या आमच्या बांधवाने धम्म शेपटीकडूनच धरलेला आहे.

त्या वाडीत साप चावला तर प्रथम करावयाचे काम मंत्राचे खंडन हे नव्हे. चावलेला अवयव हलू न देता रोग्याला लगेच मुरबाड वा शहापूरच्या रुग्णालयाकडे निघता येईल, अशी व्यवस्था करावी. भगताला गाडीत बसावयाचे असेल तर बसू द्यावे. वाटेत मंत्र म्हटल्याने लशीचे काही बिघडत नाही. अडचण निराळीच आहे. शहापूर तालुक्यातील पाड्यांवरून रोग्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांतही छापून आल्या आहेत. भातसा, तानसा आणि मोडकसागर यांचे पाणी या तालुक्यातून मुंबईपर्यंत नेता आले. ज्या पाड्याला रस्ता नाही, तेथे भगत दारात असतो आणि लस पाच-सात कोस दूर असते. तेथील मनुष्य भगताला का बोलावतो, याचे उत्तर त्याच्या श्रद्धेत शोधण्याआधी त्या वाटेवरून एकदा पावसात चालून यावे.