प्रतिकारक मिरचीवरही विषाणू का येतो?

रोगाला दाद न देणारं बी आणलं की आपण निर्धास्त होतो. काही हंगाम पीक चांगलं येतं. मग एके वर्षी त्याच वाणाच्या पानांवर फिकट-हिरवे चट्टे आणि शिरांलगत गडद पट्टे दिसू लागतात. बी बनावट निघालं, असं आपण म्हणतो. दर वेळी तसं नसतं. बी तेच असतं, विषाणू बदललेला असतो.

‘पोटॅटो व्हायरस वाय’ या विषाणूचं उदाहरण घेऊ. तो बटाटा, टोमॅटो, तंबाखू आणि मिरचीवर येतो. मावा त्याला झाडाझाडांवर नेतो. पेशीत शिरल्यावर तो आपलं ‘व्हीपीजी’ नावाचं प्रथिन झाडाच्या एका प्रथिनाशी जोडतो आणि आपली वाढ करून घेतो. काही प्रतिकारक मिरच्यांत झाडाच्या या प्रथिनाची घडण जराशी वेगळी असते. त्यामुळे जोड बसत नाही आणि विषाणू अडतो.

पण विषाणू आपल्या नकला काढताना चुका करतो, आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. बहुतेक चुका त्यालाच भोवतात. गाडीच्या चाकात एक आरा वेगळ्या मापाचा बसवला तर चाक बिघडतं ना, तसंच. फेट्याचं मात्र तसं नाही. त्याला एखादं ठिगळ लागलं तरी तो बांधता येतो. व्हीपीजीचा बराच भाग असाच सैल, लवचिक असतो. म्हणून बदल झाला तरी त्याचं काम चालू राहतं. त्यातल्याच एखाद्या बदलाने नवी जोड बसते. मग प्रतिकार संपला!

यावर उपाय आहे. ‘पेरेनिअल’ या भारतीय मिरचीतल्या प्रतिकारक जनुकावर फ्रान्समध्ये प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. रोगाला बळी पडणाऱ्या मिरचीत ते जनुक एकटंच घातलं, तेव्हा विषाणूने त्याचा प्रतिकार वारंवार मोडला. मूळ मिरचीतल्या इतर गुणांची साथ होती, तिथे तो टिकला.

शेतातही असंच करा. बियाण्याला साथ द्या:

१. रोपं कीटकरोधक जाळीखाली वाढवा.
२. मिरचीभोवती मक्याच्या दोन-तीन दाट ओळी आधीच लावा.
३. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करा.
४. बटाटा-टोमॅटोच्या जुन्या पिकाशेजारी मिरची लावू नका.
५. निव्वळ फवारणीवर विसंबू नका. औषधाने मावा मरण्याआधीच त्याने सोंड खुपसून रोग दिलेला असतो.

शेतात विषाणू जितका कमी, तितक्या त्याच्या नकला कमी आणि बदलाची संधीही कमी. तेव्हा मंडळी, बी चांगलं घ्याच, पण राखणही सोडू नका.