पणजोबांचा शोध घ्यायचाय? नाव नको, गट नंबर टाका

आजोबांच्या वडिलांचं नाव आपल्याला माहीत असतं. पण ते कधी वारले, त्यांना भाऊ किती, बायकोचं नाव काय, हे विचारलं की घरात सगळे एकमेकांकडे बघतात. आमच्याकडे पणजीला सगळे ‘म्हातारी आई’च म्हणायचे, खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मला एका जुन्या फेरफारात सापडलं. कसं, ते बघूया.

नावाने शोधून का सापडत नाही?

डेटाबेसमधली प्रत्येक नोंद एका ‘की’वरून शोधतात. महसुली कागदांची की माणूस नाही, जमीन आहे. शिवाय जुन्या नोंदीत आडनाव असेलच असं नाही. ‘रामा बिन धोंडी’ एवढंच लिहिलेलं असतं. बिन म्हणजे ‘चा मुलगा’. आणि स्कॅन केलेलं पान म्हणजे शेवटी फोटोच, त्यातल्या मजकुरात सर्च चालत नाही.

१. आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा

महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा उघडा. त्यात ‘जुने फेरफार क्र.’ असा रकाना दिसेल. प्रोग्रामिंग शिकलेल्यांना ही लिंक्ड लिस्टच वाटेल. एकेक नंबर धरून मागे जायचं.

२. जुना सर्व्हे नंबर मिळवा

१९४७ च्या कायद्याखाली अनेक गावांत जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांऐवजी गट नंबर आले. त्याआधीचे कागद जुन्या नंबरावर आहेत. कोणता गट कोणत्या सर्व्हे नंबरातून झाला, हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यात मिळतं. तो भूमी अभिलेख कार्यालयात मागा.

३. स्कॅन केलेले फेरफार बघा

‘आपले अभिलेख’ पोर्टलवर लॉगिन करा. जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडून नंबर टाका. फी भरली की प्रत डाउनलोड होते. तुमच्या गावाचे कागद तिथे नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

४. वारस फेरफार नीट वाचा

खरा खजिना इथेच आहे. खातेदार कधी मयत झाला आणि वारस कोण, हे एकाच नोंदीत मिळतं. दोन संक्षेप लक्षात ठेवा:

- ए.कु.मॅ. = एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकाचंच, पण मागे बाकीचे भाऊ असू शकतात.
- अ.पा.क. = अज्ञान मुलांचं पालन करणारी व्यक्ती.

आमच्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ होतं आणि पुढे तिचं नाव. जमीन चुलत्यांनी राखली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण सोसायटीचा बोजा कमी झाल्याच्या पुढच्या नोंदीतही अ.पा.क. म्हणून तीच आहे. म्हणजे कर्ज फिटलं तेव्हा खातं तीच सांभाळत होती. आता वंशावळीत तिचं नाव लिहिलंय.

५. तारखा पडताळा

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. ही नोंदवही वर्षाप्रमाणे असते, म्हणून फेरफारातलं साल हातात असेल तर पानं कमी चाळावी लागतात. कागद मोडीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

घरात जमीनच नव्हती? मग आजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर गाठा. त्यात जन्मतारीख, जन्मगाव आणि आधीची शाळा सापडू शकते.

पण पोर्टल उघडण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकच विचारा, आपली जमीन कुठल्या शिवारात होती? तिथून गट नंबर मिळेल.