डब्यातले पैसे उरतात, खात्यातले बुडतात!

अमेरिकेत संसार थाटलेल्या मैत्रिणींनो, अडीअडचणीला डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे कधी बुडत नाहीत. ‘फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट’चं मात्र तसं नाही हं! कर बसण्याआधीच पगारातून औषधपाण्यासाठी रक्कम त्यात जाते, म्हणून कर वाचतो. पण वर्ष संपलं की उरलेली बहुधा बुडते. काही कंपन्या अडीच महिन्यांची सवलत देतात, काही थोडी रक्कम पुढे नेऊ देतात.

‘ते यांचं खातं’ म्हणून गप्प बसू नका. तुमचा चष्मा, मुलांचे दात त्यात बसतात. २०२० पासून डोकेदुखीच्या गोळ्या, सॅनिटरी नॅपकिनही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय चालतात, टूथपेस्ट नाही.

तेव्हा दिवाळी आटोपली, की शिल्लक विचारा आणि पावत्या जपून ठेवा. घामाचाच पैसा तो!